कुंपणावरचा टेलिफोन

लिंडबी या स्वीडिश प्रोटेस्टंट वस्तीत पहिला टेलिफोन घेतला तो तेक्ला नोरबर्गबाईंनी. कशाला घेतला असं कोणी विचारलं की त्या म्हणायच्या, "हवामानासाठी." टेलिफोनचं दुसरं टोक दीड मैलावर होतं. दीड मैलावर वेगळं हवामान असतं हे नेब्रास्कात आजवर कोणी ऐकलं नव्हतं. तिथे पाऊस पडला तर चार परगण्यांत पडतो, नाही पडला तर आठ परगण्यांत पडत नाही. पण तेक्लाबाईंना तोंडावर हसायची कोणाची छाती नव्हती. एकटीने ऐंशी एकर कसणारी बाई, वर दारूबंदी मंडळाची अध्यक्ष. लोक मान डोलवायचे आणि कोपऱ्यावर वळलं की हसायचे.

दुसऱ्या टोकाला त्यांची मुलगी एलिन राहायची.

एलिनने दीड वर्षापूर्वी डॅन गॅरिटीशी लग्न केलं. गॅरिटी म्हणजे आयरिश, त्यात कॅथलिक, आणि डॅनचा बाप मॅलकी संध्याकाळी दोन घोट घेतल्याशिवाय जेवायला बसत नसे. हे तो लपवतही नसे, याचाच तेक्लाबाईंना जास्त राग. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी, चर्चच्या तळघरात मंडळाच्या सभेत त्या उभ्या राहिल्या आणि ऐंशी माणसांसमोर म्हणाल्या, "त्या घराच्या उंबरठ्याला माझा पाय लागणार नाही." टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या म्हणजे विषय संपला. घरात रागाच्या भरात बोललेलं माणूस दुसऱ्या दिवशी गिळू शकतं, टाळ्या पडलेलं गिळता येत नाही. एलिनही आईचीच मुलगी. तिने निरोप पाठवला: मग मीही तुझ्या दारात येणार नाही.

असं दीड वर्ष गेलं. एप्रिलमध्ये पास्टरांची बायको एकब्लादबाई कॉफी पिता पिता सहज बोलून गेल्या, की एलिनला दिवस गेलेत म्हणे, ऑक्टोबरअखेरीस होईल. तेक्लाबाई "असं का" म्हणाल्या आणि त्यांनी बशीतला वेलदोड्याचा पाव उचलून परत बशीत ठेवला. एलिनच्या वेळी त्या स्वतः दोन दिवस अडल्या होत्या. आई जवळ नव्हती, ती समुद्रापलीकडे. ते दोन दिवस त्यांनी कोणाला कधी सांगितले नव्हते आणि विसरल्याही नव्हत्या.

मे महिन्यात प्रुइट नावाचा फिरता विक्रेता घोडागाडीत लाकडी पेट्या घेऊन आला.

"एक कितीला?" तेक्लाबाईंनी विचारलं.

"बारा डॉलर. पण बाई, एक घेऊन करणार काय?"

"बोलणार."

"कोणाशी?"

हा विचार तेक्लाबाईंनी केला नव्हता. "दुसरा ज्याचा त्याने घ्यावा."

"तेच तर दुखणं आहे," प्रुइट टोपी काढून पायरीवर बसला. "वसंतापासून सहा परगणे फिरलो. प्रत्येक जण म्हणतो, शेजारी घेऊ दे, मग मी घेतो. एक पेटी म्हणजे भिंतीवरचं नुसतं लाकूड आहे हो. पहिला घेणारा असा पाहिजे की जो दोन घेईल."

तेक्लाबाई आत गेल्या. लोणी आणि अंडी विकून कॉफीच्या डब्यात साठवलेले पैसे नवीन शेगडीसाठी होते. जुन्या शेगडीचं दार तारेने बांधलेलं होतं. त्यांनी डबा बाहेर आणून प्रुइटच्या टोपीत उपडा केला.

पेट्या तर आल्या. तारेचा खर्च नव्हता, कारण प्रुइटच्या म्हणण्याप्रमाणे आवाज कुंपणाच्या काटेरी तारेतूनच जाणार होता. एवढंच, की मधलं अर्धा मैल कुंपण नीलस होकन्सनचं होतं. होकन्सन हा साठीचा, दम्याचा आणि फुकट उचकीही न देणारा माणूस.

"माझ्या तारेतून तुमचं बोलणं जाणार," तो कुंपणाला टेकून म्हणाला. "तारेची झीज होईल त्याचं काय?"

"बोलण्याने तार झिजत नाही, होकन्सन."

"इतरांच्या नसेल झिजत. तुमच्या झिजेल."

महिन्याला चीजची एक चकती यावर सौदा ठरला. शिवाय जाता जाता तो म्हणाला, "मी नसतो घेतला. नवीन वस्तू पहिल्यांदा घेणाऱ्याने पैसे भरायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या फजितीवरून शिकायचं. तुम्ही घ्या. शिकू आम्ही."

दुसरी पेटी एलिनकडे गेली, सोबत एक चिठ्ठी: "हवामान कळवत जावं." तिकडून उत्तर आलं नाही, पण मॅलकीने पेटी भिंतीला ठोकली अशी बातमी आली.

जूनमधल्या एका कडक दुपारी तेक्लाबाईंनी धुतलेला अॅप्रन घातला, केस नीट केले आणि पेटीची दांडी फिरवली. बराच वेळ नुसती खरखर. मग एकदम कानाशी, जणू खांद्यावरून वाकून कोणी बोलतंय अशी, एलिन म्हणाली, "कोण?"

"मी."

"मी कोण?"

कार्टी. "तुझी आई. हवामान कसं आहे?"

"ऊन आहे. तुझ्याकडे?"

"ऊनच."

यापुढे काय बोलायचं ते दोघींनाही सुचेना. पण रिसीव्हर कोणी ठेवला नाही. तिकडे कोंबड्या ओरडत होत्या, त्या तेक्लाबाईंनी पाच मिनिटं ऐकल्या. रिसीव्हर ठेवल्यावर त्यांना कळलं की आपण सगळा वेळ टाचा उंचावून उभ्या होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी मुकी. दुपारी बोलू लागली, संध्याकाळी परत मुकी. मग तीन दिवस पाऊस लागला आणि तिन्ही दिवस तेक्लाबाईंनी दांडी फिरवून हाताला फोड आणले. वस्तीला मजा आली. चर्चबाहेर कोणीतरी विचारलंच, "काय तेक्लाबाई, आज हवामान कसं?" त्यांनी ऐकलं न ऐकलं केलं. त्यांच्या डोक्यात एकच होतं: बाळं काय फक्त कोरड्या दुपारीच होतात?

पाऊस उघडला त्या दिवशी मॅलकी गॅरिटी त्यांच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. आत यायला निघालाही नाही. त्याला रीत माहीत होती.

"विहीणबाई."

"मला विहीणबाई म्हणू नका."

"बरं, विहीणबाई. मी अकरा वर्षं रेल्वेच्या तारा ओढल्या आहेत. तुमची तार सरळ खांबाच्या लाकडात ठोकली आहे. लाकूड ओलं झालं की तुमचा आवाज खांबातून जमिनीत उतरतो. गेले चार दिवस तुम्ही नेब्रास्काच्या मातीशी बोलताय."

"मग?"

"तार आणि लाकूड यांच्यात काच पाहिजे. बाटलीची मान कापायची, खांबाच्या खुंटीवर बसवायची, तार तिच्यावरून न्यायची. तीनशे खांब आहेत. म्हणजे तीनशे बाटल्या."

"तीनशे बाटल्या! या वस्तीत?"

"नव्वद माझ्याकडे आहेत."

"नव्वद!"

"बारा वर्षांच्या आहेत हो. आठवड्याच्या नव्हेत."

तेक्लाबाईंनी रविवारी उभं राहून आवाहन केलं. शब्द जपून वापरले: रिकाम्या बाटल्या, औषधाच्या. कोणाला काही दुसरं वाटू नये. बुधवारपर्यंत त्यांच्या अंगणात चार पिंपं भरली. फाटकाशी एक पोतंही आढळलं, नाव नसलेलं, त्यात पुरुषांच्या बाटल्या. पण त्या जेमतेम वीस. बाकी सगळ्या तपकिरी, चौकोनी, एकाच जातीच्या: डॉक्टर पेटिबोनचं स्त्री-शक्तिवर्धक. एकब्लादबाईंनी एकट्यांनी एक्केचाळीस दिल्या. मंडळाच्या सचिवांनी तेहतीस. तेक्लाबाईंच्या स्वतःच्या तळघरात सव्वीस निघाल्या.

मॅलकी बाटल्या कापायला आला. रॉकेलमध्ये भिजवलेला दोरा मानेला गुंडाळायचा, पेटवायचा, मग बाटली गार पाण्यात. मान टकदिशी सुटते. तीनचार कापून झाल्यावर त्याने एक तपकिरी बाटली नाकाशी नेली.

"हे कोण पितं?"

"पीत नाहीत. घेतात. जेवणाआधी तीन चमचे."

"मग बरं वाटतं?"

"अंग हलकं होतं."

"झोप?"

"छान लागते."

मॅलकीने बाटलीच्या तळाशी राहिलेलं थेंबभर औषध पेटत्या दोऱ्यावर उपडं केलं. भप्पदिशी निळी ज्वाळा उठली, चांगली वीतभर. दोघं तिच्याकडे बघत राहिले. तेक्लाबाई आठ वर्षं ते औषध घेत होत्या. दारूबंदीची सगळी भाषणं त्यांनी तीन चमच्यांनंतर केलेली होती, आणि चांगली केलेली होती.

"हे कोणाला सांगायचं नाही," त्या म्हणाल्या.

"आम्हा कॅथलिकांना कबुली द्यायची सवय असते, पण स्वतःच्या पापांची," मॅलकी म्हणाला. मग पुढची बाटली घेत, "आणि माझ्या घरात आता बाटली म्हणून उरली नाही. सगळ्या तुमच्या कुंपणावर. तेव्हा यायला हरकत नाही."

"आतलं कुठे ठेवलंत?"

"जॅमच्या बरणीत."

"मग बरणी संपली की कळवा," तेक्लाबाई म्हणाल्या. पण त्यांनी त्याला कॉफी दिली. अंगणातच, उभ्याउभ्याच, तरी दिली. पुढे पंधरा दिवस त्यांना धड झोप लागली नाही. ते एलिनच्या काळजीने, असं त्यांनी ठरवलं.

काचेच्या माना बसल्या आणि टेलिफोन दव पडो, पाऊस पडो, बोलू लागला. हवामान आठवड्याभरात संपलं. मग पायांची सूज निघाली, बाळाचे कपडे निघाले, काकडीचं लोणचं कसं घालायचं ते निघालं. आई आणि मुलगी रोज सकाळी दूध काढून झालं की बोलायच्या, आणि चर्चमध्ये तेक्लाबाईंच्या चालण्यातच फरक पडला.

तो वस्तीने टिपला. ऑगस्टमध्ये होकन्सनने पेटी घेतली. "कुंपण माझं, मग तार फुकट का घालवू?" असं म्हणाला. त्याच्याकडे बघून एकब्लादबाईंनी घेतली, मग मंडळाच्या सचिवांनी, मग त्यांच्या जावेने. आता प्रुइट पेट्या सहा डॉलरला देत होता. तेक्लाबाईंना मात्र एकेक बाराला पडली होती. सप्टेंबरअखेर एका तारेवर सात घरं झाली. एका घरची घंटा वाजली की सातही घरांत वाजायची. कोणासाठी आहे ते घंटेच्या लांब-आखूड ठोक्यांवरून ओळखायचं आणि आपली नसेल तर उचलायचं नाही, असा नियम.

उचलायचे सगळेच. फक्त बोलायचं नाही. आपण ऐकलंच नाही असं धरून चालायचं, ही रीत ठरवायला कोणाला सभा घ्यावी लागली नाही. तेक्लाबाई आवाजावरून ओळखायच्या: हा दमा म्हणजे होकन्सन, हा कॅनरी पक्षी एकब्लादबाईंचा, ही पाच मिनिटं उशिरा टोले देणाऱ्या घड्याळाची टिकटिक सचिवांची. जितके जास्त कान, तितका आवाज बारीक. एकदा त्या एलिनला पावाचं प्रमाण सांगत होत्या. "दालचिनी चिमूटभर," म्हणाल्या, तर तारेतून कोणीतरी न राहवून म्हणालं, "दालचिनी कुठली, वेलदोडा!" एलिनला हसू आवरेना. ती आईसमोर असं हसून दोन वर्षं होत आली होती. रविवारी एकब्लादबाईंनी तेक्लाबाईंची नजर चुकवली आणि वेलदोड्याचा विषय कोणी काढला नाही.

ऑक्टोबरच्या वीस तारखेला, सकाळी नऊला, दोन लांब एक आखूड अशी घंटा वाजली. तेक्लाबाईंनी लापशीचं भांडं शेगडीवर तसंच ठेवून रिसीव्हर उचलला.

"विहीणबाई, मी मॅलकी. तिला कळा सुरू झाल्यात. डॅन डुकरं घेऊन स्टेशनला गेलाय, निघतानाच तिची कंबर दुखत होती म्हणून डॉक्टरला घेऊनच येईल, पण दुपार होणार. घरात मी आणि कुत्रा. काय करू सांगा."

म्हणजे ज्यासाठी टेलिफोन घेतला ती वेळ आली होती, दहा दिवस आधीच. तेक्लाबाईंनी पदर खोचावा तशा बाह्या वर केल्या. महिनाभर त्यांनी मनात याची उजळणी केली होती.

"पाणी तापत ठेवा. मोठ्या भांड्यात. धुतलेल्या चादरी कुठे आहेत ते तिला विचारा. आणि तिला चालू दे."

"काय? ऐकू येत नाही!"

"चालू दे तिला!"

"चालवायचं नाही," सचिवांचा आवाज आला. "कुशीवर झोपवा. डाव्या."

"उजव्या," त्यांची जाऊ म्हणाली.

"चादरीआधी वर्तमानपत्रं अंथरा," एकब्लादबाई म्हणाल्या. मागे कॅनरी गात होता.

"गाईला आम्ही गूळपाणी देतो," होकन्सन खोकत म्हणाला.

"होकन्सन, ती गाय नाही!"

आवाज आता इतका बारीक झाला होता की मॅलकी पाताळातून बोलतोय असं वाटत होतं. "एक म्हणते चालव, एक म्हणते झोपव! मी अकरा वर्षं तारा ओढल्या, बायका हो, मला यातलं काही कळत नाही! कोणाचं ऐकू?"

मग काहीतरी खडखडलं. कोणीतरी त्याच्या हातातून रिसीव्हर घेतला. श्वास ऐकू आला, थांबून थांबून.

"आई," एलिन म्हणाली. "तू येतेस का?"

सात घरांत कोणी हललं नाही. कॅनरीसुद्धा गप्प झाला, बहुतेक एकब्लादबाईंनी पिंजऱ्यावर फडकं टाकलं असावं. तेक्लाबाई भिंतीवरच्या पेटीसमोर उभ्या होत्या आणि त्यांना त्या क्षणी चर्चचं तळघर दिसत होतं. टाळ्या वाजवणारे ते हात आता सगळे रिसीव्हर धरून बसले होते. चोवीस डॉलर घालून त्यांनी अशी सोय केली होती की पाय इकडेच राहावा आणि बाकी सगळं तिकडे पोचावं. सोय उत्तम होती. फक्त एलिनला पायच हवे होते.

"आई?"

तेक्लाबाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात दम्याचा एक लांब श्वास ऐकू आला आणि होकन्सन म्हणाला, "जा ना बाई. इथे कोणी काही ऐकत नाहीये."

"कोणीच नाही," एकब्लादबाई घाईने म्हणाल्या. "मी तर पेटीजवळसुद्धा नाही."

"मीही नाही," सचिव.

"आम्ही उचललेलाच नाही," त्यांची जाऊ.

आणि मग एकामागून एक, टक, टक, टक, रिसीव्हर ठेवल्याचे आवाज आले. तार मोकळी होत गेली तसा एलिनचा श्वास जवळ जवळ येत गेला, अगदी कानात येईपर्यंत.

"चालत राहा," तेक्लाबाई म्हणाल्या. "निघालेच."

रिसीव्हर त्यांनी आकड्यावर ठेवलाही नाही. कुंपणाच्या कडेकडेने, कापलेल्या मक्याच्या खुंटांतून, बावन्न वर्षांची बाई एका हातात स्कर्ट धरून धावत होती. होकन्सनच्या घराशी होकन्सन अंगणात उभा होता. तो झटकन पाठमोरा झाला आणि गोठ्याच्या भिंतीकडे मोठ्या अभ्यासूपणे बघत राहिला. उंबरठा आला तेव्हा तेक्लाबाईंना तो दिसलाच नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की एलिन टेबलाला धरून उभी आहे आणि मॅलकीने पाणी कुत्र्याच्या भांड्यात तापत ठेवलं आहे.

डॉक्टर पोचला तेव्हा मुलगी तासाभराची झाली होती.

त्या रविवारी चर्चबाहेर तेक्लाबाईंनी प्रत्येकाला मुद्दाम थांबवून सांगितलं, आणि प्रत्येकाने तोंडाचा आ केला. "एलिनला? मुलगी? आम्हाला तर काहीच कल्पना नाही!" एकब्लादबाईंनी छातीवर हात ठेवून विचारलं, "आणि पोचलात कशा वेळेवर?" तेक्लाबाई म्हणाल्या, "सहज गेले होते." उंबरठ्याबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. होकन्सन "हो का, हो का" म्हणत ऐकून घेत होता, आणि शेवटी म्हणाला, "पण डावी कूस का उजवी, ते काही शेवटपर्यंत कळलं नाही." त्याच्या बायकोने त्याचा पाय तुडवला.

त्यानंतर तेक्लाबाई रोज सकाळी दूध काढून झालं की चालत निघायच्या, टोपलीत चीज, बाळाचे धुतलेले कपडे आणि विणकाम. नोव्हेंबरच्या मध्यावर एके दिवशी होकन्सनने त्यांना कुंपणाशी अडवलं. चेहरा त्रासलेला होता.

"बाई, हे काही बरोबर नाही."

"काय झालं?"

"मी सहा डॉलर घातलेत त्या पेटीत. महिना होत आला, घंटा नाही की काही नाही. तुम्ही चालत जाता आणि तिथेच बसून बोलता. मग मी ऐकायचं काय?"

"तुम्ही लावा की कोणाला. दांडी फिरवा, बोला."

"फिरवली," होकन्सन म्हणाला. "परवा एकदा फिरवली. तुमची दोन घरं सोडून बाकी सगळ्यांनी उचलला. आणि कोणी बोलेचना. सगळे आपले ऐकत बसलेले."

तेक्लाबाईंना हसू आलं. त्यांनी टोपली या हातातून त्या हातात घेतली.

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी काय करणार? मीही ऐकत बसलो. चांगला अर्धा तास." त्याने आवाज खाली आणला. "सचिवबाईंचं घड्याळ आता सात मिनिटं मागे आहे."